एका घाण्याला एकच काडी

औंढ्याची शिवरात्र झाली की आमच्या शिवाराचा वास बदलतो. तोवर हरभऱ्याचा आंबूस वास असतो, गव्हाच्या हिरव्या ओंब्यांचा असतो. मग एखाद्या सकाळी अंगण झाडता झाडता माझा हात थांबतो. कुठल्या तरी वावरातून शिजत्या हळदीची वाफ आलेली असते. थोडी कडवट, थोडी मातकट, नाकातून सरळ घशात उतरणारी. वारा कुठून आहे ते बघायचं आणि सांगायचं, आज अमक्याच्या वावरात कुकर लागला. माझा अंदाज सहसा चुकत नाही. आमचे मालक म्हणतात, तुझं नाक पोलीस खात्यात पाहिजे होतं. मी म्हणते, तुमच्या घरात दिलं तेच लई झालं.

आज सकाळी तो वास आला, आणि दरवर्षीसारखी मला मनू आठवली. मनू म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेची, शोभाची लेक. हिंगोलीला वाढलेली. आठवीत असताना ती एक आख्खा हळदीचा हंगाम आमच्याकडं, शिरड शहापूरला, राहिली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. हंगाम काय, दरवर्षी येतात आणि जातात. कुठल्या साली हळद किती निघाली ते मालकांना विचारा, मला सांगता येणार नाही. मला तो एकच हंगाम जशाच्या तसा आठवतो, पळसाच्या झाडाखाली कोण कुठं बसलं होतं इथपर्यंत.

ज्यांनी हळद फक्त डब्यात पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगते. जमिनीतून निघालेली हळद लगेच वाळत घालता येत नाही. आधी ती शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजवत. आता कुकर येतो, भाड्यानं. एका बाजूला पाण्याची टाकी, खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा जाळ, आणि वाफ नळीतून मोठ्या ड्रममध्ये सोडलेली. ड्रमभर हळद एका वेळी शिजते, त्याला आम्ही घाणा म्हणतो. कमी शिजली तर आतून कच्ची राहते, वाळताना आक्रसते, पुढं तिला कीड लागते. जास्त शिजली तर रंग उतरतो, साल सुटते. बरोबर कधी झाली ते घड्याळ सांगत नाही. खराट्याची एक बारीक काडी घ्यायची, वरचं हळकुंड उचलून त्यात टोचायची, आणि हाताला काय वाटतं ते बघायचं. उकडलेल्या बटाट्यात जाते तशी जायला पाहिजे, पण मधोमध जराशी अडली पाहिजे. एवढंच शास्त्र आहे. सांगायला सोपं.

आमच्या घरात या काडीचा एक कायदा आहे. एका घाण्याला एकच काडी. ज्याच्या हातात काडी, त्यानं सांगायचं. त्यानं एकदा ‘उतरवा’ म्हटलं की दुसऱ्या कुणी काडी टोचून बघायची नाही, घरच्या कर्त्यानंसुद्धा नाही. हा कायदा माझ्या सासऱ्यांच्या वेळचा. ते आणि त्यांचे भाऊ काहिलीच्या दोन बाजूंना दोन काड्या घेऊन उभे राहायचे म्हणे. एक म्हणायचा झाली, दुसरा टोचून म्हणायचा कच्ची. भांडण मिटेपर्यंत हळदीचा पार लगदा व्हायचा. शेवटी त्यांच्या आईनं एकाची काडी मोडून चुलीत घातली आणि सांगितलं की ज्याच्या हातात राहिली त्याचा शब्द. तेव्हापासून आमच्याकडं दुसरी काडी टोचणं म्हणजे माणसाच्या तोंडावर ‘तुझ्यावर भरवसा न्हाई’ म्हणणं.

सासऱ्यांच्या माघारी काडी मालकांकडं यायला पाहिजे होती. आली होती एक हंगामभर. पण आमच्या मालकांना कशालाच दम निघत नाही. चहा उकळायच्या आत कप पुढं करतात. त्यांच्या हातची सगळी हळद कच्ची निघाली, मग पुढच्या साली त्यांनी स्वतःच काडी माझ्या हातात दिली आणि वर म्हणाले, वाफेनं माझे डोळे चुरचुरतात. म्हटलं, बरं. डोळे तर डोळे.

तर त्या वर्षी शोभा मनूला घेऊन आली ती काढणी सुरू असतानाच. पोरगी मला ओळखूच येईना. लहानपणी बोराच्या झाडावरून हाका मारणारी ही, आता आईच्या पाठीमागं अशी उभी राहिली की मला तिची फक्त वेणी दिसत होती. मी विचारलं, काय गं मनू, कशी आहेस? शोभा म्हणाली, बरी हाय. मी विचारलं, भूक लागली का? शोभा म्हणाली, न्हाई, तिनं मघा बिस्कीट खाल्लं. मी म्हटलं, शोभा, मी तुला विचारून राहिले का तिला? शोभा हसली. मनू आईकडं बघायला लागली, आता आपण हसावं की नाही ते बघायला.

दुपारी भांडी घासताना शोभानं सगळं सांगितलं. मनूला सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखायला लागायचं. शाळेची वेळ टळली की दुखणं थांबायचं. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की पोरीला सगळं येतं, पण वहीत बरोबर लिहिलेलं उत्तर ती खोडते आणि शेजारणीचं चुकीचं उतरवते. फळ्यापाशी बोलावलं तर खडू हातात घेऊन नुसती उभी राहते. एकदा वर्ग हसला, त्या दिवसापासून शाळा बंद. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. शोभाचे मालक बाहेरगावी नोकरीला. ते फोनवर म्हणाले होते, एवढी तकलीफ व्हत असंल तर राहू दे, हे वरीस घरी बसंल, पुढच्या वर्षी बघू.

माझ्या हातातली कढई तशीच राहिली. आमच्याकडं घरी बसलेल्या पोरीचं वर्ष कधी एकच राहत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आज दप्तर खुंटीला लागतं, उद्या कुणी तरी म्हणतं, पोरगी घरीच आहे ना, मग एक स्थळ आहे. आठवीतली पोर. मला संताप आला, कुणाचा ते कळेना. शोभाचा येत नव्हता. ती बिचारी लेकीवर जीव टाकते. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत हिला इथं ठेव. तू जा.

शोभा गेली, पण दर रविवारी येईन असं सांगूनच गेली. कुणी बोलावलं नव्हतं, तिनंच ठरवलं.

पहिले काही दिवस मला वाटलं, माझं डोकं फिरेल. मामी, पाणी पिऊ का? मामी, ही चप्पल घालू का ती? मामी, भाकरीचा हा तुकडा घेऊ? प्रत्येक गोष्टीला शेवटी ‘बराबर हाय का?’ मी आपली सगळ्यांसारखीच, आधी कौतुक करून पाहिलं. शाब्बास मनू, किती छान झाडलंस. हुशार आहेस गं तू. तिनं मान खाली घातली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या पोरीला कौतुक काही कमी पडलेलं नाही. हिंगोलीत तिला उठता बसता सगळे हुशारच म्हणत होते. फक्त हुशार म्हणून झालं की तिचं दप्तर आई पुन्हा भरत होती, तिचा अभ्यास शिकवणीची ताई पुन्हा तपासत होती, तिची वेणी कुणी तरी सोडून पुन्हा घालत होतं. लेकराला मोठ्यांचं तोंड काय म्हणतं ते ऐकू येतं, आणि हात काय करतात तेही दिसतं. त्यातलं ते हातांवर विश्वास ठेवतं. मीही ठेवला असता.

हळद निवडायला तांड्यावरच्या बाया यायच्या. त्यांची म्होरकी सीताबाई, दंडभर बांगड्या आणि जीभ तिखट. हळदीचा गड्डा एकीकडं, त्याची बोटं, म्हणजे हळकुंडं, दुसरीकडं, असं वेगळं करायचं असतं. मनूला मी त्यांच्यात बसवलं. ती एकेक तुकडा उचलायची आणि विचारायची, मावशी, हे इकडं का तिकडं? सीताबाईनं अर्धा दिवस सांगितलं. मग तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि जाहीर केलं की आजपासून आपल्याला ऐकू येत नाही. मनू कितीतरी वेळ एक तुकडा हातात धरून बसली. सगळ्या बाया गाणं म्हणत होत्या, तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. शेवटी तिनं तो टाकला. कुठल्या ढिगात टाकला ते मी बघायला गेले नाही. सीताबाई मला म्हणाली, “वैनी, ह्या पोरीला समदे सांगतेत. इचारत कोनीच न्हाई.”

मला त्या रात्री माझे वडील आठवले. माझं माहेर कळमनुरीकडचं. आठवडी बाजाराला ते मला न्यायचे, मी तेव्हा मनूपेक्षाही लहान असेन. टरबुजांच्या ढिगापाशी उभं करून म्हणायचे, काढ एक. मी वाजवून बघायची, मोठ्या माणसांसारखा कान लावायची. एकदा मी काढलेलं टरबूज घरी येऊन कापलं तर आत पांढरं फेक. माझा भाऊ खो खो हसला. वडिलांनी त्याच्याकडं बघितलं, फोडी केल्या, सगळ्यांना एक एक दिली आणि स्वतः बिया थुंकत निवांत खाल्ली. गोड आहे असं म्हणाले नाहीत. काय गं हे, असंही म्हणाले नाहीत. पुढच्या बाजाराला पुन्हा मला ढिगापाशी उभं केलं. मी आज चारचौघांत तोंड वर करून बोलते, कुणाचं ऐकून घेत नाही, मालकांना तर विचारूच नका. हे सगळं त्या पांढऱ्या टरबुजातून आलंय असं माझं पक्कं मत आहे.

सकाळी मी मनूला कुकरपाशी माझ्या शेजारी उभं केलं. काही दिवस नुसतं दाखवलं. मी टोचायची, मग त्याच हळकुंडात तिला टोचायला द्यायची. बघ, कुठं अडली? आता बघ, सरळ गेली. तिचा हात हलका होता. तिला कळत होतं, हे मला तिच्या मनगटावरून दिसायचं. काडी आत गेली की तिचं मनगट जरासं सैल व्हायचं. पण तोंडानं विचारलं की ती माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, तुला काय वाटतं, मामी?

होळीचा सण झाला. तांड्यावरच्या बाया सणासाठी सुट्टी घेऊन, नाचून, घसे बसवून परत आल्या. त्याच रविवारी शोभा आली. कुकरवाल्याची पुढची पाळी दुसऱ्याच्या वावरात होती, त्यामुळं तो सकाळपासून घाई करत होता. पहिला घाणा भरला, वाफ सोडली, आणि मी खराट्यातली एक काडी मोडून मनूच्या हातात दिली. म्हटलं, हा घाणा तुझा.

खरं सांगते, मला ते सोपं गेलं नाही. ती काडी इतकी वर्षं माझ्या हातात होती. एक ड्रम बिघडला तर काय होतं, हे घरात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांचा बैल परस्पर कुणाला देऊन टाकलाय. शोभा तर उठून उभीच राहिली. वहिनी, तिला काय कळतंय, असं म्हणाली. मी म्हटलं, एका घाण्याला एकच काडी, दिली ती दिली.

मनूनं टोचली. अजून न्हाई, म्हणाली. बरोबर होतं ते. थोड्या वेळानं पुन्हा टोचली, अजून न्हाई. तेही बरोबर. पुन्हा टोचली, आणि मला तिचं मनगट सैल झालेलं दिसलं. हळद झाली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पळसाच्या झाडाकडं बघायला लागले. तिनं आईकडं बघितलं. आईच्या तोंडावर नुसती भीती. मनू पुटपुटली, अजून न्हाई.

आता ती थांबली ती थांबलीच. वाफेचा वास बदलायला लागला, जड झाला. मला आत ड्रममध्ये काय चाललंय ते डोळ्यांपुढं दिसत होतं. मालक खोकले. कुकरवाला घड्याळ बघत होता. सीताबाईच्या बायांनी गाणं थांबवलं. मला एक शब्द बोलायचा होता फक्त. मी पदराचं टोक दातात धरलं आणि उभी राहिले. इतकं गप्प मी माझ्या लग्नातसुद्धा बसले नव्हते. बऱ्याच वेळानं मनू म्हणाली, उतरवा, आणि तेही असं की कुकरवाल्याला दोनदा विचारावं लागलं.

ड्रम उलटला. हळद ताडपत्रीवर आली ती पार मऊ पडलेलीच. साल सुटून आलेली, रंग काळपट. कुकरवाल्यानं जिभेनं चक् केलं. शोभा कपाळाला हात लावून म्हणाली, म्हणलं नव्हतं का मी, तिच्यानं व्हत न्हाई. मनूच्या हातातून काडी पडली. ती हळदीच्या पाल्याच्या ढिगामागं जाऊन बसली, गुडघ्यांत डोकं घालून.

मी तिच्याकडं गेले. चालता चालता मनात दहा गोष्टी तयार होत होत्या, सगळ्या गोड. काही बिघडलं नाही बाळा. छान झाली हळद. पहिल्यांदा असंच होतं. तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा तिनं डोकं वर न करता विचारलं, “मामी, जास्त शिजली का?”

“व्हय,” मी म्हटलं. “जास्त शिजली. रंग गेला तिचा.”

तिनं डोकं वर केलं. इतक्या सरळपणे तिला कुणी कधी काही सांगितलंच नसावं. रडायचं विसरून ती माझ्याकडं बघत राहिली. मी विचारलं, झाली हे तुला कधी कळलं होतं? ती म्हणाली, मघाच, तिसऱ्यांदा टोचली तेव्हा. मग बोलली काहून न्हाईस? तर म्हणाली, चुकलं असतं तर?

“मग आता चुकलंच की,” मी म्हटलं. “बघ बरं, काय झालं ते.”

ती खरंच बघायला लागली. सीताबाईच्या बायांनी ती हळद बाजूला एका वेगळ्या ताडपत्रीवर पसरायला घेतली होती. एक बाई पुन्हा गाणं म्हणत होती. मालक पाण्याचा हंडा घेऊन उभे होते. आभाळ जिथल्या तिथं होतं. कुकरवाल्यानं दुसरा घाणा भरायला घेतला होता आणि ओरडत होता की आता काडी कोण धरणार, मला पुढं जायचंय, वैनी या लवकर. मी जागची उठले नाही. मला काय करावं ते खरंच सुचत नव्हतं. पोरीला ओढून न्यावं तर ती माझी मर्जी झाली असती. न न्यावं तर ती काडी तिच्या हातात पुन्हा कधी गेली नसती.

तेव्हा आमच्या मालकांनी हंडा खाली ठेवला. ज्यांना चहा उकळेपर्यंत दम निघत नाही, ते आमचे मालक. हळद त्यांची, राग त्यांचा, आणि तो सकाळपासून त्यांच्या मानेच्या शिरेत दिसत होता. ते कुकरवाल्याला म्हणाले, “थांब जरा. काडीवाली येऊन राहिली.”

आणि पाल्याच्या ढिगाकडं बघायचंसुद्धा नाही, असे पाठ करून उभे राहिले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर वर्षभर ऐकवतील.

मनू उठली. खराट्यातून तिनं स्वतःच एक काडी मोडली. दुसऱ्या घाण्याला ती माझ्याकडं बघत नव्हती, ड्रमकडंही नाही. टोचताना डोळे मिटून घेत होती. अजून न्हाई, म्हणाली. अजून न्हाई. मग एक वेळ अशी आली की माझ्या नाकानं मला सांगितलं, झाली. मनूनं टोचली आणि म्हणाली, अजून न्हाई. माझे हात शिवशिवायला लागले. पुन्हा भीतीनंच थांबलीय का ही? का हिला खरंच काही वेगळं कळतंय? मला सांगता येईना. मी नुसतं ‘मनू’ म्हटलं असतं तरी तिनं लगेच ‘उतरवा’ म्हटलं असतं, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी म्हटलं नाही.

शोभाला मात्र राहवेना. तिनं खाली पडलेली काडी उचलली, ड्रमपाशी गेली आणि एक हळकुंड हातात घेतलं. आम्ही सगळे बघत होतो. मनूनं डोळे उघडले, आईच्या हातातलं हळकुंड हळूच काढून घेतलं आणि परत ड्रममध्ये टाकलं. आणखी एकदा टोचली, आणि मग उतरवा म्हणाली. यावेळी कुकरवाल्यानं परत विचारलं नाही.

ती हळद कशी होती? चांगली होती. माझ्या हातानं असती तर मी जरा आधी काढली असती. पण वाळल्यावर, पॉलिशच्या ढोलात घासून निघाल्यावर, माझ्या हळदीशेजारी ठेवली तर कुणाला वेगळी काढता आली नसती. आणि असंही नाही की त्यानंतर पोरगी एकदम शहाणी झाली. पुढं एक घाणा तिनं घाईनं कच्चा उतरवला. तेव्हा स्वतःच म्हणाली, मामी, ही कच्ची निघाली, आणि पुढच्या घाण्याला उभी राहिली. पाणी पिऊ का, हे मात्र तिनं विचारायचं सोडलं. कधी सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आता जिकडं बघावं तिकडं लेकरांचा आत्मविश्वास वाढवायची शिबिरं आहेत. आमच्या गावातसुद्धा एकदा एक पाहुणे आले, पोरांना उभं करून ‘मी करू शकतो’ असं ओरडायला लावून गेले. पोरांना मजा आली. वाईट काही नाही त्यात. मला फक्त वाटतं की ओरडून झाल्यावर त्या पोरांच्या हातात काही तरी द्यायला पाहिजे होतं. बिघडेल असं काही तरी. जे बिघडल्यावर मोठ्या माणसाला झळ बसेल, आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्यानं ते पुन्हा त्याच हातात द्यावं. आपल्याला लेकरू चुकायला नको असतं, कारण त्याचं चुकणं आपल्याला बघवत नाही. म्हणजे आपण आपल्याच जिवाला जपत असतो, नाव लेकराचं. शोभाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या घाण्याला माझेही हात शिवशिवले होते.

मनू आता नांदेडला शिकते. आज सकाळी तिला फोन केला, म्हटलं, वास आला गं. पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते. ती घाईत होती, संध्याकाळी बोलते म्हणाली. मला विचारून ठेवला नाही फोन. मला हसूच आलं.

त्या हंगामातली शेवटची हळद वाळत होती तेव्हा एक दिवस जेवता जेवता मनू म्हणाली, मामी, सोमवारपासून परीक्षा हाय, मी उद्या जाते. मी भात वाढत होते. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी ताटाकडं बघितलं. बरं, म्हटलं, लोणचं बांधून देते. दुसऱ्या दिवशी शोभा घ्यायला आली. आम्ही तिघी एस्टीच्या थांब्यावर उभ्या होतो. ऊन चढलेलं, रस्त्याच्या कडेला कुणाची तरी हळद पसरलेली, येणाऱ्या जाणाऱ्या गाड्या तिला वळसा घालून जात होत्या.

शोभाचा जीव थाऱ्यावर नव्हता. एवढे दिवस अभ्यास बुडाला, पेपर कसे जातील, परत पोटात दुखलं तर. मला म्हणाली, वहिनी, मी ठरवलंय, बाईंना विचारून मी रोज वर्गाच्या बाहेर थांबते. तिला खिडकीतून दिसंल अशी. मनूच्या लहानपणापासून शोभा असंच करायची, प्रत्येक परीक्षेला. पोरगी पेपर लिहिता लिहिता खिडकीकडं बघायची, आई मान हलवायची, मग पुढचं उत्तर. मग ती मनूकडं वळली. येईल ना गं तुला सगळं?

मनू रस्त्याकडं बघत होती. म्हणाली, “येईल का न्हाई ते पेपर बघितल्यावर कळंल, आई. तू खिडकीशी नको उभी राहू.”

शोभानं माझ्याकडं बघितलं, मी काही तरी बोलेन म्हणून. मी गाडी येते का ते बघायला लागले. लांबून एस्टी येताना दिसली. शोभानं पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. तिचा चेहरा असा झाला होता की मला पहिल्यांदा तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पोरीच्या नाही.

“मग मी कुठं थांबू?” तिनं विचारलं.

“घरी थांब,” मनू म्हणाली. “मी येते ना.”